गाडीत परत बसलेली बाई

एक बाई इस्पितळाच्या दारातून बाहेर पडली, समोर उभ्या असलेल्या गाडीपर्यंत चालत गेली, मागचं दार स्वतःच्या हातानं उघडून आत बसली, आणि मी वरच्या खिडकीतून ते पाहत उभा राहिलो. ते दृश्य आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. ती कुठे चालली आहे हे मला माहीत होतं, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पोलीस अधिकारी बाईंनाही माहीत होतं. आम्ही तिला अडवलं नाही.

आधी स्पष्ट करतो की ही केस कागदोपत्री माझी नव्हती. मी सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झालो होतो आणि घटना घडली आयर्लंडमध्ये. माझी मुलगी तिथल्या पश्चिमेकडच्या कासलबार गावच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, इमर्जन्सी विभागात डॉक्टर आहे. २०२० च्या सुरुवातीला मी आणि पत्नी तिच्याकडे गेलो आणि कोरोनामुळे तिथेच अडकलो. विमानं बंद, घरापासून ठरावीक अंतराच्या पुढे जायचं नाही, रस्त्यात गार्डा म्हणजे तिथले पोलीस गाड्या थांबवून कुठे चाललात विचारायचे. आयुष्यभर नाकाबंदी लावलेला माणूस मी, आता नाकाबंदीच्या दुसऱ्या बाजूला उभा राहत होतो. दिवस जाता जात नव्हता.

एके दिवशी मुलगी ड्यूटीवरून आली. जेवताना तिनं नाव-गाव न सांगता एका पेशंटबद्दल विचारलं. आपल्याकडची एक बाई आली होती. चाळिशी उलटलेली. उजव्या मनगटावर उकळतं तेल सांडलेलं, आणि तेही बऱ्याच दिवसांपूर्वी, कारण जखम आता चिघळली होती. तिच्यासोबत जो गृहस्थ होता तो म्हणाला की तिला इंग्रजी येत नाही, मी दुभाषी म्हणून आत येतो. एरवी त्याला सोडलंही असतं. पण कोरोनाचा नियम असा होता की पेशंटसोबत कोणीही आत यायचं नाही. तो बाहेर गाडीत बसला आणि दर थोड्या वेळानं रिसेप्शनला फोन करून अजून किती वेळ लागेल ते विचारत राहिला.

मुलीनं तिच्याशी मराठीत बोलायला सुरुवात केली. मुलगी म्हणाली, "बाबा, परदेशात आपली भाषा कानावर पडली की माणूस खुलतो. ही दचकली." ड्रेसिंग झाल्यावर मुलीनं तिला सांगितलं की आता तुम्ही घरी जाऊ शकता. त्यावर ती बाई खाली मान घालून म्हणाली, "बाई, मी अठीच बसू काय घडीभर?"

जखमी माणसाला घरी जायची घाई असते. ही बाई लोखंडी खुर्चीवर बसायची परवानगी मागत होती. मुलीनं रुग्णालयाच्या समाजसेविकेला नियमाप्रमाणे कळवलं होतं. मी तिला म्हणालो, तू बरोबर केलंस. खबर म्हणतात ती हीच. खबर नेहमी खबऱ्याकडूनच येते असं नाही. पुष्कळदा ती एखाद्या जागी न शोभणाऱ्या वाक्यातून येते.

समाजसेविकेनं गार्डांना कळवलं आणि दोघं गणवेशातले गार्डा त्या घरी जाऊन आले. निष्पन्न काही झालं नाही. ही हकिकत मला कळली ती केस ज्यांच्याकडे होती त्या डिटेक्टिव्ह सार्जंटबाईंकडून. समाजसेविकेकडून त्यांना कळलं होतं की डॉक्टरांचे वडील हिंदुस्थानात पोलीस अधिकारी होते. एका सकाळी त्या आमच्या मागच्या बागेत आल्या. अंतर ठेवून खुर्च्या मांडल्या, पत्नीनं चहा दिला. पन्नाशीच्या, उंच, शांत बाई. त्यांना पाहताक्षणी मला ओळख पटल्यासारखं वाटलं. जगात कुठेही जा, चांगला तपास अधिकारी बसतो कसा ते सारखंच असतं.

त्यांनी सांगितलं ते असं. घर गावाबाहेर, शेतांच्या मधोमध, मोठं. नवरा म्हणजे गाडीत बसून फोन करणारा तोच गृहस्थ. नवरा-बायको दोघंही पुण्याचे, चांगल्या पगाराचे, दोन लहान मुलं. आधी राजधानीजवळ लिक्सलिपला राहत होते. घरून काम सुरू झाल्यावर स्वस्तात मोठं घर मिळतं म्हणून इकडे आले. बाई आमची लांबची नातेवाईक आहे, मुलं तिला मावशी म्हणतात, असं त्या नवरा-बायकोनं गार्डांना सांगितलं. गार्डांनी फोनवर हिंदी दुभाषी लावून बाईला प्रश्न विचारले. इथे त्रास आहे का, घरी जायचं आहे का, कोणी मारतं का. प्रत्येक प्रश्नाला तिनं दुभाष्याची वाट न पाहता एकच उत्तर दिलं. "ग्रँड." आयर्लंडमध्ये कसं काय विचारलं की छान चाललंय या अर्थी लोक ग्रँड म्हणतात. सार्जंटबाई म्हणाल्या, "इंग्रजी येत नाही अशा बाईला एकच शब्द येतो आणि तो हा. तिला तो कोणीतरी शिकवलाय."

मी माझं मत सांगितलं. गणवेशात जायला नको होतं. त्यांच्याच सांगण्यावरून, प्रश्न विचारताना तो गृहस्थ तिथेच स्वयंपाकघरात उभा होता, तसं चालत नाही. आणि ती बाई हिंदीभाषक नाही. 'अठी' आणि 'घडीभर' म्हणणारी बाई वऱ्हाडातली आहे. मी नव्यानं फौजदार झालो तेव्हा अमरावती जिल्ह्यात होतो, ती बोली माझ्या कानात बसलेली आहे.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चहाचा कप हातात फिरवत त्या एकदम वेगळंच बोलू लागल्या. तरुणपणी त्या काही वर्षं अमेरिकेत राहिल्या होत्या, तिथे अर्धं आयर्लंडच जाऊन आलेलं असतं. दक्षिणेकडच्या एका गावात त्यांनी जुना बाजार पाहिला होता. त्या इमारतीत आफ्रिकेतून आणलेली माणसं आणि त्यांची मुलंबाळं लिलावात विकली जात. दात बघून, हात-पाय चाचपून, चालवून दाखवून. आता तिथे संग्रहालय आहे. भिंतीवर पळून गेलेल्या गुलामांना पकडून देण्याच्या जुन्या जाहिराती लावल्या होत्या. त्यांच्या लक्षात आलं की जाहिरातींत बहुतेक तरुण पुरुष आहेत, बायका फार थोड्या. त्यांनी तिथल्या माहिती सांगणाऱ्या म्हाताऱ्या बाईला कारण विचारलं. ती म्हणाली, पोर मागे ठेवून आई कशी पळेल? मालकाला हे ठाऊक होतं. आईला साखळी लावायची गरज नव्हती, पोराला विकीन एवढं म्हटलं की पुरे.

"त्या घराला कुलूप नाही," सार्जंटबाई म्हणाल्या. "मी स्वतः पाहिलं. फाटकसुद्धा उघडं असतं. मग ती थांबते कशासाठी?"

पुढच्या ड्रेसिंगच्या दिवशी मी तिच्याशी बोलावं असं ठरलं. सार्जंटबाईंनी वरिष्ठांची परवानगी घेतली. माझं काम मर्यादित होतं. तिला तिच्या बोलीत तिचे हक्क समजावून सांगायचे, जबाब घ्यायचा नाही. जबाब झालाच तर अधिकृत मराठी दुभाष्यामार्फत व्हायचा होता. हे मला पटलं. चांगल्या केसेस अशा उतावळेपणानं कोर्टात पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

दुपारची वेळ होती. ड्रेसिंगच्या खोलीत ती, समाजसेविका आणि मी, तिघांच्याही तोंडावर मास्क. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. अंगावर मालकिणीचा जुना स्वेटर असावा, बाह्या फार लांब होत्या. मी माझं नाव सांगितलं, अमरावतीकडे नोकरी केली ते सांगितलं, तिच्या गावाकडच्या बाजाराचं नाव काढलं. तिचे डोळे जरा हलले. मग मी ठरवलं की लपवायचं नाही.

"मी पोलिसात होतो," मी म्हणालो.

ती भिंतीपर्यंत मागे सरकली. म्हणाली, माझा कागद संपला आहे ते मला माहीत आहे, मी कुठे बाहेर जात नाही, कोणाला त्रास देत नाही. तिला पर्यटक व्हिसावर नातेवाईक म्हणून आणलं होतं आणि मुदत कधीच उलटून गेली होती. रस्त्यावर दिसलीस की पोलीस पकडून तुरुंगात टाकतील, असं तिला पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं. मी समजावलं की इथला कायदा तुमच्या बाजूनं आहे, हे पोलीस तुम्हाला सोडवायला आले आहेत. तिनं मान डोलावली. हे मान डोलावणं मी ओळखतो. ऐकलं असा त्याचा अर्थ असतो, विश्वास ठेवला असा नसतो.

तेव्हा मला बागेतलं ते बोलणं आठवलं. मी बाकी सगळं सोडलं आणि विचारलं, "मागं कोन हाये तुमचं?"

तिनं हाताच्या पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं.

"माही पोरगी हाये," ती म्हणाली. "पुन्याले. त्याईच्याच घरी."

मग तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आलं. नवरा वारल्यावर ती पुण्यात या गृहस्थाच्या आईकडे कामाला लागली होती. सोबत लेक होती. म्हातारीनं आश्वासन दिलं की तू माझ्या मुलाकडे परदेशात जा, तुझ्या लेकीला मी शाळेत घालते, पोटच्या पोरीसारखी सांभाळते. लेक आता सोळा वर्षांची होती. महिन्यातून एकदा फोनवर बोलायला मिळायचं, तेही गृहस्थ समोर बसलेला असताना. शाळेबद्दल विचारलं की फोन काढून घेतला जायचा. एकदा तिनं परत जायचं म्हटलं, तर त्यानं शांतपणे सांगितलं होतं की जा, पण मग पोरीला आम्ही का सांभाळावं, तिला कुठे पाठवायचं ते आई बघेल.

समाजसेविका म्हणाली की तुम्ही आत्ताच आमच्यासोबत चला, सुरक्षित जागा तयार आहे. मी ते सांगितलं. ती उठून उभी राहिली.

"मी खाली नाही गेलो तं थो फोन करन," ती म्हणाली. वऱ्हाडात बायकाही स्वतःबद्दल 'गेलो', 'आलो' म्हणतात. "मले जाऊ द्या सायेब. पोरगी तठी एकटी हाये."

सार्जंटबाई बाहेर व्हरांड्यात थांबल्या होत्या. कायद्यानं प्रौढ बाईला तिच्या इच्छेविरुद्ध ठेवता येत नव्हतं, आणि ठेवली असती तर पुण्यात काय झालं असतं कोण जाणे. ती गेली. सुरुवातीला सांगितलं ते दृश्य हे. गाडी वळून निघून गेल्यावरही आम्ही दोघं तिथेच उभे होतो. सार्जंटबाई आयरिश पद्धतीनं फक्त एवढं म्हणाल्या, "युवर मॅन." म्हणजे 'तो माणूस', गाडीतला तो गृहस्थ. त्या दोन शब्दांत त्यांनी काय काय भरलं होतं ते मला कळलं.

हातात वेळ होता तो पुढच्या ड्रेसिंगपर्यंतचा. दोन देशांच्या पोलिसांनी रीतसर मार्गानं एकमेकांना पत्र पाठवायचं म्हटलं तर महिने जातात. सार्जंटबाईंनी तो अर्ज केलाच, पण मी वेगळा विचार केला. पुण्यात अल्पवयीन मुलीला घरकामाला ठेवलं असेल तर तो पुण्यातला गुन्हा आहे. त्याला आयर्लंडच्या कागदाची काय गरज? माझ्या हाताखाली काम केलेली एक अधिकारी तेव्हा पुण्यात पोलीस निरीक्षक होती. मी तिला फोन केला आणि एका नागरिकानं द्यावी तशी लेखी खबर पाठवली. तिनं दोनच प्रश्न विचारले, पत्ता आणि मुलीचं वय. पुढे म्हणाली, "सर, मुलीची आई तिकडे सुरक्षित हातात येईपर्यंत मी काही करत नाही. तुम्ही दिवस सांगा."

ते दिवस फार वाईट गेले. जेवण जाईना. पत्नी म्हणायची, तुम्ही नोकरीत असतानासुद्धा असे नव्हता. खरं होतं. नोकरीत हाताखाली माणसं असतात, गाडी असते, माणूस उठून काहीतरी करतो. इथे मी घराजवळच्या तळ्याकाठी चकरा मारत होतो, आणि थोड्या अंतरावरच्या घरात ती बाई भाजलेल्या हातानं भांडी घासत होती.

ड्रेसिंगच्या दिवशी ती आली. यायलाच उशीर झाला होता, आम्ही सगळे घड्याळाकडे बघत होतो. ती खुर्चीत बसली तसा मी पुण्याला फोन केला. निरीक्षक, एक महिला हवालदार आणि बालकल्याण समितीचा एक सदस्य साध्या वेशात इमारतीखाली उभे होते. ते वर गेले. दार उघडायला मुलगीच आली, हातात पोछा होता. म्हातारी आतून कोण आहे म्हणून विचारत होती. मुलगी कुठल्या शाळेत जाते विचारलं, तर म्हातारीला शाळेचं नावसुद्धा सांगता आलं नाही. मुलीला खाली गाडीत बसवल्यावर निरीक्षकबाईनं व्हिडिओ लावला आणि मी फोन त्या बाईच्या हातात दिला.

मला वाटलं होतं मुलगी आईला बघून रडेल. ती रडली नाही. तिनं आईच्या मागे उभ्या असलेल्या मला पाहिलं, भिंतीवरचा इस्पितळाचा फलक पाहिला, आणि घाईघाईनं मला उद्देशून बोलू लागली.

"साहेब, मी काम बरोबर करते. परवा कप फुटला तो चुकून फुटला. माझ्या आईला जेलात नका टाकू."

त्या मुलीला सांगून ठेवलं होतं की तू कामात कुचराई केलीस तर तिकडे तुझ्या आईला पोलीस पकडतील. आईला लेकीची भीती घातली होती, लेकीला आईची. दोघी एकमेकींना वाचवण्यासाठी दोन देशांत राबत होत्या आणि दोघींनाही ते माहीत नव्हतं.

बाईनं फोन छातीशी धरला. मग माझ्या हातात परत दिला, बाह्या वर सारल्या आणि म्हणाली, "इचारा आता. सांगतो मी."

जबाब अधिकृत मराठी दुभाष्यामार्फत संध्याकाळपर्यंत चालला. मी बाहेर बसलो. दरम्यान सार्जंटबाई खाली पार्किंगमध्ये गेल्या. तो गृहस्थ गाडीत कॉफी पीत बसला होता, त्यानं काच खाली करून विचारलं की अजून किती वेळ. त्याला ताब्यात घेतलं. घराची झडती झाली. बाईचा पासपोर्ट वरच्या मजल्यावरच्या कुलूपबंद प्रेसमध्ये मिळाला, तिथे कपाटाला प्रेस म्हणतात. तिचं अंथरूण कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी होतं.

सार्जंटबाईंनी नंतर सांगितलं, चौकशीत तो कोसळला नाही. शिकलेला माणूस, वकील शेजारी. ती आमच्या कुटुंबातलीच आहे, हे एकच तो सांगत राहिला. सार्जंटबाईंनी आरोपांचं नावही काढलं नाही. त्यांनी घराबद्दल बोलायला सुरुवात केली. जेवायला कधी बसता, टेबल कुठलं, मुलं कुठे बसतात. तो मोकळेपणानं सांगत गेला. मग त्यांनी विचारलं, आणि तिची खुर्ची कुठली? तो थांबला. म्हणाला, तिला खाली बसायला आवडतं. कुठे खाली? त्यानं वकिलाकडे पाहिलं. घरात चार खुर्च्या होत्या आणि माणसं पाच. पुढे तो काही बोलला नाही, पण त्याची बायको दुसऱ्या खोलीत बोलली. तिला पासपोर्टबद्दलही माहीत होतं आणि पुण्याच्या मुलीबद्दलही.

जामिनावर सुटल्यावर तो मला तळ्याकाठी भेटला. योगायोगानं भेटलो असं त्यानं दाखवलं. आवाज अगदी सभ्य, पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत ऐकू येईल असा.

"काका, तुम्ही आपले आहात म्हणून बोलतो. टोटल मिसअंडरस्टँडिंग झालंय. गावात ती उपाशी मेली असती. आम्ही तिला घर दिलं. आता इथे सगळ्या आपल्या लोकांची बदनामी होणार, त्याचा विचार केलात?"

मी विचारलं, "तिचा हात भाजला तेव्हा दवाखान्यात न्यायला इतके दिवस का लावलेत?"

तो म्हणाला, "कोविड होता ना काका. आम्हाला मुलांची काळजी होती."

मला राग यायला हवा होता, पण आला नाही, भीती वाटली. कारण तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटत होतं. गुन्हेगार मी पुष्कळ पाहिले, बहुतेकांना आपण गुन्हा केला हे कुठेतरी आत ठाऊक असतं. याला उपकार केल्याचं समाधान होतं. ही भेट मी लगेच सार्जंटबाईंना कळवली आणि त्यांनी त्याची नोंद घेतली. तिथल्या मराठी मंडळींपैकी काहींनी त्यानंतर माझ्या मुलीच्या घरी फोन करणं बंद केलं. त्या वर्षीच्या ऑनलाइन गणेशोत्सवाची लिंक आम्हाला आली नाही.

निकाल वाचकांना आवडेल असा नाही. मानवी तस्करीचा मुख्य आरोप अभियोक्ता कार्यालयात बराच काळ विचारात राहिला आणि शेवटी ठेवला गेला नाही. दाराला कुलूप नव्हतं, बाई स्वतः गाडीत बसून परत गेली होती, हेच बचावाच्या कामी आलं. पासपोर्ट दडवल्याबद्दल आणि कामगार कायदे मोडल्याबद्दल त्या दोघांना शिक्षा झाली, पण तुरुंगात जाण्याइतकी नाही. पुण्यात म्हातारीवर गुन्हा दाखल झाला, वय पाहून तिला जामीन मिळाला. बाईची लेक अमरावतीला मामाकडे गेली आणि तिथे शाळेत जाऊ लागली.

बाईला आयर्लंडमध्ये राहायची परवानगी मिळत होती. तिनं नको म्हटलं. २०२१ मध्ये प्रवास सुरू झाला तसं तिला लेकीकडे जायचं होतं. केस तेव्हा अजून सुरूच होती, आणि सार्जंटबाईंना ठाऊक होतं की साक्षीदार निघून गेली तर केस आणखी लंगडी होईल. तरी त्यांनी तिला थांबायचा आग्रह केला नाही. मला म्हणाल्या, तिला जायचं आहे तेव्हा जाता यावं, याचसाठी तर सगळं केलं.

तिला एकटीनं विमानात बसायची धास्ती होती, म्हणून मी आणि पत्नीनं आमची तिकिटं तिच्याच विमानाची काढली. सार्जंटबाई स्वतः स्वोर्ड्सपर्यंत, म्हणजे विमानतळाच्या गावापर्यंत आल्या, विमानतळाबाहेर तिच्याशी हात मिळवला.

त्या काळात मी अमेरिकेतल्या गुलामीबद्दल बरंच वाचलं. तिथे कायदा मालकाच्या बाजूनं होता. पळालेल्याला शोधायला गस्ती होत्या, शिकारी कुत्रे होते, पकडून मालकाच्या हवाली करणं हे सरकारी काम होतं. आज जगातल्या कुठल्याही देशाचा कायदा माणूस विकत घ्यायला परवानगी देत नाही. पण त्या गृहस्थाला कायद्याची गरजच पडली नाही. त्यानं फक्त पोलिसांचं नाव वापरलं, आणि ते चाललं, कारण त्या बाईनं आपल्या गावात पोलीस पाहिले होते. गरीब माणसाला पोलिसाची भीती वाटते, ती भीती कोणीही उचलून स्वतःच्या कामाला लावू शकतो. नोकरीत असताना मी या भीतीला वचक म्हणत होतो. आता तो शब्द माझ्या तोंडून सहज निघत नाही.

विमानाची वाट पाहताना ती माझ्या पत्नीशेजारी बसली होती. लेकीसाठी घेतलेली लोकरीची टोपी पिशवीतून काढून परत परत बघत होती. अमरावतीत लोकरीच्या टोपीचं काय करणार, असं पत्नी तिला म्हणाली आणि दोघी थोड्या हसल्या. मग ती माझ्याकडे वळली.

"सायेब, त्याईच्या घरी आता कोन हाये कामाले?"

मी म्हणालो, कोणी नाही, आता त्यांच्यावर लक्ष आहे.

तिनं टोपीची घडी घातली.

"आनतीन कोनाले तरी," ती म्हणाली. "त्याईले सवय झाली हाये."

उद्घोषणा झाली तसे आम्ही उठलो. विमानात चढण्याआधी मी सार्जंटबाईंना फोन करून तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्या म्हणाल्या की परतीच्या वाटेवर त्या घरावरून गाडी नेतील.